भूमीचे स्वामित्व आणि हिंसेची अनुमती

हिंसेचा विचार आपल्याकडे पुष्कळ झालेला आहे. परंतु तो बहुधा हिंसा करणाऱ्याच्या बाजूने झालेला आहे. शस्त्र कोणाच्या हाती होते, पाश कोणी मांडला, जीव कोणाच्या हातून गेला, हे आपण प्रथम विचारतो. ज्या भूमीवर ती हिंसा घडली ती भूमी कोणाची होती, आणि त्या भूमीच्या धन्याने त्या वेळी काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक शिकार ही भूमीवाचून होऊच शकत नाही. शिकाऱ्याला रान लागते, आणि रान एक तर सरकारचे असते, नाही तर कोणाच्या तरी मालकीचे असते. म्हणून शिकारी आणि भूस्वामी यांची गाठ पडल्यावाचून राहत नाही. आणि ती पडली म्हणजे भूस्वामीला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. तो 'या' म्हणतो, 'येऊ नका' म्हणतो, किंवा काहीच बोलत नाही.

या तीन उत्तरांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जो स्वतः शस्त्र धरीत नाही, परंतु ज्याच्या शेतात दुसरा येऊन जीव मारतो, त्या भूस्वामीकडे त्या हिंसेचा काही अंश जातो की नाही? जात असेल तर तो केव्हा जातो? आणि तो टाळावा म्हणून त्याने शिकाऱ्याला अडविले, तर त्या अडविण्यामुळे त्याच्यावर दुसरे काही कर्तव्य येऊन पडते काय? हा प्रश्न युरोप खंडात न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे त्याचा फार सूक्ष्म ऊहापोह झाला. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो. मग सर्वज्ञांच्या एका लीळेच्या प्रकाशात तिचा विचार करू. आणि शेवटी आपल्या वासनिक शेतकऱ्याच्या बांधावर येऊ.

राजांची शिकार आणि रयतेचे शेत

फ्रान्स देशात राज्यक्रांतीपूर्वी शिकार हा राजाचा आणि सरदारांचा खास अधिकार होता. शेत कुळाचे, पीक कुळाचे, पण त्या पिकात चरणारे हरीण, ससे आणि सरदाराच्या कबुतरखान्यातील कबुतरे यांना कुळाने हात लावावयाचा नाही, असा निर्बंध होता. सरदाराने घोडे आणि कुत्रे घेऊन उभ्या पिकातून दौड केली तरी कुळाने मुकाट्याने पाहावे. १७८९ साली रयतेने जी गाऱ्हाणी लिहून पाठविली त्यांत हे गाऱ्हाणे ठिकठिकाणी आढळते. त्याच वर्षी ४ ऑगस्टच्या रात्री तेथील राष्ट्रसभेने सरंजामी हक्क रद्द केले, त्यांत शिकारीचा हा हक्कही गेला. आणि आपल्या भूमीवरील श्वापदे मारण्याचा अधिकार प्रत्येक भूस्वामीला मिळाला. पुढे १८४४ च्या कायद्याने असे ठरविले की मालकाच्या संमतीवाचून कोणीही परक्याच्या भूमीवर शिकार करू नये. जर्मन प्रदेशांतही १८४८ च्या क्रांतीने परक्याच्या भूमीवरील शिकारीचा हक्क मोडून काढला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या क्रांतीने शिकारीचा अधिकार सरदाराकडून काढून शेतकऱ्याकडे दिला. श्वापदाला त्यात काही मिळाले नाही. वाद दोन मनुष्यांचा होता आणि निवाडाही त्या दोघांपुरताच झाला. तथापि त्या निवाड्यातून एक गोष्ट नकळत जन्माला आली. भूस्वामीला 'नको' म्हणण्याचा अधिकार मिळाला. त्याचा उपयोग कोणी आपली शिकार राखून ठेवण्यासाठी करील, कोणी पीक तुडविले जाऊ नये म्हणून करील, आणि एखादा जीव वाचावा म्हणूनही करील. या तिसऱ्या उपयोगाची कल्पना कायदा करणाऱ्यांनी त्या वेळी फारशी केलेली दिसत नाही.

लहान भूमीच्या धन्याचा निषेध

परंतु हा अधिकार टिकला नाही. प्रशियात १८५० सालीच असा नियम झाला की ज्याची सलग भूमी ३०० मॉर्गन, म्हणजे सुमारे ७५ हेक्टरांपेक्षा कमी असेल, त्याने आपल्या एकट्याच्या भूमीवर स्वतंत्रपणे शिकार चालवू नये. अशा लहान भूमी एकत्र करून त्यांवर सामाईक शिकार चालावी. फ्रान्समध्ये सिनेटचे सभासद फेर्नां व्हेर्देय यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १० जुलै १९६४ रोजी झाला. त्या कायद्यान्वये अनेक जिल्ह्यांतील गावोगावी मान्यताप्राप्त शिकारी-संघ स्थापन झाले. ज्याची सलग भूमी ठरावीक मर्यादेपेक्षा, साधारणतः २० हेक्टर म्हणजे सुमारे ५० एकरांपेक्षा, कमी असेल त्याच्या भूमीवरील शिकारीचा हक्क, घराभोवतीची १५० मीटरची जागा वगळून, आपोआप या संघाकडे जाई. इतकेच नव्हे, तर तो मालकही आपोआप संघाचा सभासद होई. मोठ्या भूमीच्या धन्याला मात्र नकार देण्याची मुभा होती.

या लहान मालकांत असे काही शेतकरी होते की ज्यांना शिकार ही मुळातच अधर्म्य वाटत होती. आपल्या शेतात कोणी जीव मारू नये असे ते म्हणत होते आणि तशा पाट्याही त्यांनी लावल्या होत्या. देशातील न्यायालयांत त्यांना यश आले नाही. तेव्हा त्यांपैकी दहा जण स्ट्रासबूर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे गेले. २९ एप्रिल १९९९ रोजी त्या न्यायालयाने निर्णय दिला. आपल्या श्रद्धेशी सर्वथा विसंगत असा उपयोग इतरांनी करावा म्हणून लहान मालकाला आपल्या भूमीवरील हक्क सोडावयास लावणे हा त्याच्यावर अवाजवी भार होय, असा त्याचा आशय होता. ज्या संघाचा हेतूच आपल्याला मान्य नाही त्याचे सभासदत्व लादणेही न्यायालयाने गैर ठरविले.

या निर्णयातील एक बारकावा मननीय आहे. शिकारी-संघाच्या बाजूने असे म्हटले गेले होते की मालक आपला हक्क देतो खरा, पण त्याबद्दल त्याला संघाच्या सगळ्या क्षेत्रात शिकार करण्याचा हक्क मिळतो. म्हणजे मोबदला मिळतोच. न्यायालय म्हणाले की हा मोबदला केवळ शिकार करणाऱ्याच्याच उपयोगाचा आहे. विचार करून पाहावा. ज्याला हिंसा नको आहे त्याला त्याच्या भूमीवर हिंसा होऊ दिल्याबद्दल दुसरीकडे हिंसा करण्याची मोकळीक द्यावयाची, आणि याला भरपाई म्हणावयाचे! वस्तूचे मोल घेणाऱ्याच्या वासनेवर अवलंबून असते, हे तत्त्व एका व्यवहारी न्यायालयालाही मान्य करावे लागले.

पूर्वपक्ष आणि त्याचे उत्तर

शिकाऱ्याचा पक्ष अगदीच निराधार आहे असे समजू नये. त्याचे म्हणणे नीट मांडल्यावाचून त्याचे खंडन करणे न्यायाचे होणार नाही.

त्याचा पहिला मुद्दा असा की वन्य जीव कोणाच्याही मालकीचा नाही. रोमन धर्मशास्त्रात, सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या संहितेत, हेच सांगितले आहे: रानातील प्राणी कोणाचाच नसतो, म्हणून जो धरील त्याचा तो होतो, मात्र दुसऱ्याच्या भूमीत शिकारीसाठी कोणी शिरत असेल तर मालक त्याला मज्जाव करू शकतो. म्हणजे मालक पाय अडवू शकतो, पण प्राणी आपला म्हणू शकत नाही. आपल्या दृष्टीने यातील पूर्वार्ध यथार्थ आहे आणि उत्तरार्ध असिद्ध आहे. जीव हा स्वतंत्र, नित्य पदार्थ होय. तो कोणाच्या सातबाऱ्यावर नोंदला जात नाही, हे खरे. परंतु 'कोणाचाच नाही' यातून 'धरील त्याचा' हे कसे निघते? जो कोणाचाच नाही त्याच्यावर धरणाऱ्याचाही हक्क नाही, असाच सरळ निष्कर्ष निघावयास पाहिजे. वाटेवर एकटे सापडलेले मूल कोणाचे ते ठाऊक नाही, म्हणून ते उचलणाऱ्याची मालमत्ता होत नाही. उलट उचलणाऱ्यावर त्याला सांभाळण्याचा भार येतो.

दुसरा मुद्दा समतेचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. १९६४ चा कायदा करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की शिकार पुन्हा बड्या जमीनदारांची मिरास होऊ नये; ज्याच्यापाशी चार एकर आहेत किंवा काहीच नाही अशा सामान्य मनुष्यालाही रान मोकळे असावे; आणि तुकड्यातुकड्यांनी विभागलेल्या भूमीवर श्वापदांच्या संख्येची व्यवस्था लागत नाही, म्हणून भूमी एकत्र असावी. यात गरिबाविषयी कळकळ आहे, हे नाकारता येत नाही. पण ही समता शिकाऱ्या-शिकाऱ्यांतील समता आहे. ज्याच्या प्राणावर ही वाटणी चालली आहे तो तिसरा या हिशेबात कोठेच नाही. शिवाय ही समता साधण्यासाठी मोठ्याला नकाराची मुभा दिली आणि लहानाची काढून घेतली, हा विपरीत प्रकारही त्याच कायद्याने केला. पाणी, वाट, सरपण यांसाठी दुसऱ्याला आपल्या शेतातून जाऊ देणे हे औदार्य होय. त्याला अडविणे कृपणता होय. परंतु जाऊ देण्याचे फळ दुसऱ्याचा प्राण जाणे हे असेल, तर तेथे औदार्य हा शब्दच लागू पडत नाही. आपल्या वस्तूविषयी उदार होता येते, परक्याच्या प्राणाविषयी होता येत नाही.

तिसरा मुद्दा शिकाऱ्याचा नसून भूस्वामीचाच आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो: 'मी कोणाला बोलाविले नाही, मी कोणाला अडविले नाही, माझा काय संबंध?' योगशास्त्रात हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्मृतिकारांनीही अनुमती देणाऱ्याला घातक्यांच्या पंक्तीत बसविले आहे. प्रश्न एवढाच की मौन ही अनुमती होते काय?

याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी एकच देता येत नाही. बाजारात चाललेल्या गोष्टीबद्दल मी मौन राहिलो तर माझ्या मौनाला फारसा अर्थ नाही. तेथे माझ्या शब्दाला काही अधिकारच नाही. परंतु माझ्या शेतात 'नको' म्हणण्याचा अधिकार ज्या एकाला आहे तो मीच आहे. तेथे मी बोललो नाही तर दुसरा कोणी बोलू शकत नाही. फ्रान्समध्ये १८४४ नंतर कायद्याने संमती आवश्यक असतानाही, दक्षिणेकडील पुष्कळ भागांत मालक काही म्हणत नाही यालाच त्याची संमती मानण्याची वहिवाट पडली, आणि रान सर्वांना मोकळे झाले. यावरून असे दिसते की मालकाचे मौन हे निव्वळ मौन राहत नाही. शिकारी ते ऐकतो आणि त्याचा अर्थ करतो. उलट १९६४ नंतर ज्या लहान मालकाची वाणीच कायद्याने बंद केली, ज्याने पाटी लावली, अर्ज केले, न्यायालयात दाद मागितली, त्याच्या शेतात पडलेल्या जीवाचा दोष त्याच्याकडे कसा जाईल? जितकी निषेधाची शक्ती, तितकीच मौनाची जबाबदारी, असा नियम येथे मानावा लागतो. ज्ञात्यांनी तो शास्त्राच्या कसोटीवर अधिक पारखून पाहावा.

निषेधामागील भाव

येथे आणखी एका निर्णयाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यावाचून हा विषय अर्धवट राहील. ४ ऑक्टोबर २०१२ रोजी त्याच न्यायालयापुढे फ्रान्समधील दुसऱ्या एका लहान भूमीधारकाचे प्रकरण निकालात निघाले. त्याचाही आक्षेप असाच होता की मोठ्यांना नकाराची मुभा आहे आणि मला नाही. परंतु हा मनुष्य शिकारीचा विरोधक नव्हता. न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले नाही. भूमी तितकीच लहान, नियम तोच, मागणीही वरवर पाहता तीच. पण पहिल्या प्रकरणात नकाराच्या मुळाशी जीवाविषयीची श्रद्धा होती, दुसऱ्यात ती नव्हती. क्रियेचे बाह्य रूप समान असूनही भावाच्या भेदाने तिचे मूल्य पालटते, ही गोष्ट परमार्थमार्गात नवीन नाही. परंतु राजकीय न्यायानेही तिचा आधार घ्यावा, हे लक्षणीय आहे.

मग भाव ओळखावयाचा कसा? याचे उत्तर फ्रान्सने २६ जुलै २००० च्या कायद्याने दिले. श्रद्धेच्या आधाराने जो शिकारीला नकार देतो त्याने आपल्या सर्व भूमीवर सर्वांनाच मज्जाव केला पाहिजे, आणि त्या 'सर्वां'त तो स्वतःही आला. जर्मनीच्या कायद्यातही असेच आहे की जो स्वतः शिकार करतो किंवा शिकारीचा परवाना बाळगतो त्याचा आक्षेप श्रद्धेचा मानला जात नाही. दुसऱ्याला दिलेला निषेध आधी स्वतःवर लागू करावा, ही कसोटी कोणत्याही आचारधर्माला शोभेल अशी आहे.

अभयाचा भार कोणी वाहावा

जर्मनीतील प्रकरण यापुढचे आहे. तेथील एका भूस्वामीला १९९३ साली आईच्या वारशाने काही भूमी मिळाली. ती ७५ हेक्टरांपेक्षा कमी असल्याने तो आपोआप शिकारक्षेत्राच्या मंडळात गणला गेला. त्याने आपल्या श्रद्धेमुळे हरकत घेतली. स्ट्रासबूर्गच्या न्यायालयाने प्रथम त्याच्या विरुद्ध निर्णय दिला, परंतु २६ जून २०१२ रोजी मोठ्या पीठाने तो फिरविला. त्यानंतर जर्मनीने २०१३ साली कायद्यात बदल करून अशा मालकांना आपली भूमी शिकारमुक्त करून घेण्याची वाट दिली.

परंतु या मोकळिकीबरोबर त्या कायद्याने एक भारही घातला. शिकारमुक्त भूमीतील श्वापदांनी त्या मालकाचे पीक खाल्ले तर त्याला भरपाई मागता येत नाही; आणि त्या क्षेत्रातील इतरांच्या शेतांत श्वापदांनी नुकसान केले तर काही अपवाद सोडून त्याच्या भूमीच्या प्रमाणात त्या नुकसानीचा वाटा त्यालाही द्यावा लागतो. फ्रान्सच्या कायद्याने हाच भार निराळ्या रीतीने घातला: नकार देणाऱ्या मालकाने आपल्या भूमीवरील उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त स्वतः करावा किंवा करवावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे एकाने अभयाचे मोल द्रव्यात मागितले, आणि दुसऱ्याने, ज्या गोष्टीला नकार दिला तिच्याच रूपाने ते मागितले. या दोहोंत पहिली रीत अधिक न्याय्य दिसते. अभय देणारा आणि त्याचा शेजारी यांच्यातील हिशेब द्रव्याने फेडता येतो. श्वापदाच्या प्राणाने तो फेडावा असे म्हणणे म्हणजे दिलेले अभय मागल्या दाराने काढून घेणे होय.

आणखी एक कलम आहे. शिकारमुक्त भूमीबाहेर जखमी झालेले जनावर त्या भूमीत शिरले तर शिकाऱ्याला त्याच्या मागे जाता येते. मालकाच्या संमतीची आवश्यकता नाही, शक्य असेल तेव्हा त्याला आधी कळवावे एवढेच. जखमी प्राणी वेदनेत खितपत पडू नये, असा यामागील विचार आहे. तो सर्वस्वी निर्दय नाही. तथापि हे कलम वाचताना महानुभाव वाचकाच्या मनात सर्वज्ञांच्या एका लीळेचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही.

शरणागत ससा

लीळाचरित्रातील ती लीळा सर्वांना ज्ञात आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या जानूतळी शिरला. पाठोपाठ पारधी आले आणि तो सोडावा म्हणून विनवू लागले. त्यांनी आपली अडचणही पुढे केली. स्वामींनी ससा दिला नाही, कारण तो शरण आलेला होता. आणि पारध्यांनाही झिडकारून लाविले नाही. त्यांच्याशी संवाद केला.

आपल्या प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने या लीळेत तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की ज्या ठिकाणी ससा शरण आला ते ठिकाण स्वामींच्या मालकीचे नव्हते. परिभ्रमण करणाऱ्या त्या श्रीमूर्तीने कोठे भूमी धरली नाही. म्हणजे अभय देण्याचा अधिकार भूमीच्या स्वामित्वातून येत नाही. युरोपातील कायद्याला भूस्वामीवाचून दुसरा कोणी अभय देणारा दिसत नाही, ही त्या कायद्याची मर्यादा आहे. भूमी हे अभय देण्याचे एक साधन आहे. ज्याच्यापाशी ते आहे त्याने ते वापरावे, पण ज्याच्यापाशी नाही तो त्यामुळे कर्तव्यातून सुटत नाही. भिक्षूंनी हे विशेषतः ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, पारध्याचा सशावरील दावा आधीपासूनचा होता. त्याने श्रम केले होते, पाठलाग केला होता. परंतु शरण येण्याने तो दावा संपला. जर्मन कायदा जखमी प्राण्याच्या मागे शिकाऱ्याला आत जाऊ देतो, तेथे तो शिकाऱ्याचा चालू असलेला दावा मान्य करतो. लीळेचा न्याय निराळा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पारधी हाही जीवच आहे. त्याला नुसते अडविल्याने सशाचा एक दिवस वाचतो. पारध्याशी बोलल्याने पुढच्या कित्येक सशांचे दिवस वाचण्याचा संभव असतो. आपल्याकडील पारधी समाजाला इंग्रजी अमदानीत, १८७१ च्या कायद्यापासून सुरू झालेल्या परंपरेत, गुन्हेगार जमात ठरविले गेले. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला, पण लोकांच्या मनातून तो पुरता गेला असे म्हणवत नाही. पुढे शिकारीवर निर्बंध आले आणि त्यांचे परंपरागत जगण्याचे साधनही गेले. जो शेतकरी पारध्याला बांधावरून हाकलतो, पण त्याला मजुरीलाही उभा करीत नाही, त्याने अर्धेच कर्तव्य केले असे म्हणावे लागते.

आपल्या बांधावर

आता आपल्याकडील परिस्थिती पाहू. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रारंभी परवान्याने होणाऱ्या काही शिकारीला वाव ठेवला होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो वाव बंद झाला. त्यामुळे युरोपातल्यासारखा शौकाचा शिकारी आपल्या वासनिकाच्या शेतावर हक्क सांगत येत नाही. परंतु दुसऱ्या मार्गाने प्रश्न येतोच. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत रोही आणि रानडुक्कर यांचा उपद्रव ज्याने सोसला नाही असा शेतकरी विरळा. तूर, हरभरा, सोयाबीन, मका, डोळ्यांदेखत एका रात्रीत लोळविले जाते. उभ्या पिकाला धोका झाल्यास वनखात्याच्या अधिकाऱ्याला लेखी आज्ञेने अशा प्राण्याला मारण्याची परवानगी देता येते, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. बिहारमध्ये तर केंद्र सरकारने रोही उपद्रवी म्हणून जाहीर केल्यानंतर २०१६ साली मोकामा भागात बाहेरून बंदूकवाले आणवून दोनशेहून अधिक रोही मारण्यात आले. तेव्हा उद्या गावाने अर्ज केला, परवानगी आली, बंदूकवाला बांधावर उभा राहिला, आणि त्याने विचारले, 'दादा, तुमच्या शेतातून जाऊ का?' तर वासनिकाने काय सांगावे?

या प्रश्नाला सोपे उत्तर देणारा मनुष्य एक तर शेत करीत नसेल, नाही तर जीवाचा विचार करीत नसेल. कर्ज काढून पेरलेले पीक गेले तर घरातील मुले उपाशी राहतात. तेही जीवच आहेत. तरी पण आतापर्यंतच्या विवेचनातून काही गोष्टी निश्चित होतात.

पहिली, मौन धरून सुटका नाही. 'गावाने केले, सरकारने केले' असे म्हणून आपल्या बांधावरून वाट मोकळी ठेवणे ही अनुमतीच होय, कारण तेथे 'नको' म्हणण्याची शक्ती आपली आहे. वासनिकाने आपले म्हणणे गावापुढे स्पष्ट शब्दांत, पण भांडण न करता, मांडावे.

दुसरी, जो बंदूकवाल्याला अडवितो पण रात्री कुंपणात विजेचा चालू प्रवाह सोडतो, त्याने बंदूकवाल्यापेक्षा अधिक घोर कर्म केले. बंदूकवाल्याला समोरचा प्राणी दिसतो. तारेला काहीच दिसत नाही. अशा तारांनी रोह्याबरोबर वाघही मेले आहेत आणि रात्री ओलिताला निघालेला शेजारीही मेला आहे. येथे कारित हिंसा स्वतःच्या हाताने मांडलेली असते. तिला अनुमोदन म्हणण्याचीही सोय नाही.

तिसरी, अभय देणाऱ्याने त्याचे मोल शेजाऱ्यावर टाकू नये. माझ्या शेताच्या कडेच्या झुडपात डुकरे राहतात आणि रात्री शेजाऱ्याचा हरभरा खातात, मी मात्र अहिंसेचे पुण्य मनात मोजतो, हे न्यायाचे नाही. राखणीची पाळी दोघांनी मिळून करावी, झटका देऊन परतविणारे पण जीव न घेणारे सौरकुंपण सामाईक खर्चाने घालावे, पीकनुकसानीचा पंचनामा वेळेवर करून सरकारी भरपाईसाठी शेजाऱ्याला साह्य करावे, आणि शक्य असेल तर त्याच्या तोट्यात आपणही काही वाटा उचलावा. अनोळखी जर्मन कायद्याने जे बळाने करावयास लाविले ते आपल्या मार्गातील मनुष्याने स्वेच्छेने करावे.

इतके करूनही पीक जाऊ शकते. गेल्यावर त्या शेतकऱ्याने मनात काय धरावे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर दुसऱ्याने त्याच्यासाठी देणे योग्य नव्हे. गावोगाव भिक्षेसाठी अटन करणाऱ्या भिक्षूंनी आणि महंतांनी मात्र हा प्रश्न ऐकून घेतला पाहिजे. वासनिकाला 'जीव मारू नका' एवढे सांगून पुढच्या गावाला जाणे सोपे आहे. त्याच्या बांधावर थोडा वेळ बसून, त्याने ते कसे पाळावे याचा विचार त्याच्याबरोबर करणे कठीण आहे. सर्वज्ञांनी सशाला राखले तेव्हा पारध्यांचेही ऐकून घेतले होते. आपणही शेतकऱ्याचे ऐकून घ्यावे, शेजाऱ्याचे ऐकून घ्यावे, आणि बंदूकवाल्याचेही. त्यानंतर जो निषेध तोंडातून निघेल, त्याला वजन येईल.